दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद फाळके तथा दादासाहेब फाळके (जन्म : त्र्यंबकेश्वर, ३० एप्रिल १८७०, मृत्यू : नाशिक, १६ फेब्रुवारी १९४४) हे मराठी छायाचित्रकार, मुद्रक आणि चित्रपटनिर्माते होते. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या मूकपटामुळे ते भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून ओळखले जातात. चित्रपटाकडे वळण्यापूर्वीची त्यांची अनेक वर्षे छायाचित्रण, ठसेनिर्मिती आणि रंगीत मुद्रण या कामांत गेली. त्यांतील महत्त्वाचा काळ मावळात, लोणावळा येथे व्यतीत झाला. पुढील काळात पडद्यावर दिसलेल्या कौशल्याचा पाया या कारागिरीत होता.

बालपण आणि शिक्षण

फाळके यांचे वडील गोविंद सदाशिव तथा दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान होते. मुंबईत त्यांना संस्कृतच्या अध्यापनाचे काम मिळाल्याने कुटुंब त्र्यंबकेश्वरहून तेथे स्थलांतरित झाले. धुंडिराज यांनी १८८५ मध्ये सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. त्यानंतर वडीलबंधूंसमवेत ते बडोद्यास गेले आणि तेथील कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम व वास्तुकला शिकले. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी मांडलेल्या नाट्यगृहाच्या प्रतिकृतीस सुवर्णपदक मिळाले.

कलाभवनाचे प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी त्यांची तांत्रिक कामातील गती ओळखली. तीनरंगी ठसे आणि छायाशिळामुद्रण शिकण्यासाठी त्यांनी फाळके यांना रतलाम येथे पाठवले आणि कलाभवनाची प्रयोगशाळाही त्यांना वापरू दिली. चित्र काढणे आणि चित्राच्या हजारो प्रती काढणे या दोन्ही विद्या एकाच माणसाच्या हाती आल्या, त्या येथे.

छायाचित्रण आणि नोकरी

१८९५ पासून फाळके यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय केला. प्लेगच्या साथीत पत्नी व अपत्य दगावल्याने त्यांनी ते गाव सोडले. पुढे बडोद्यात त्यांनी छायाचित्रणासोबत नाटकांचे पडदे रंगवले आणि जादूचे प्रयोगही शिकले. ‘प्रोफेसर केळफा’ हे जादूगार म्हणून घेतलेले नाव त्यांच्या आडनावाची अक्षरे उलटून केलेले होते. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे नाव सरस्वतीबाई. १९०३ मध्ये त्यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी मिळाली. स्वदेशी चळवळीच्या काळात त्यांनी ही नोकरी सोडली आणि स्वतःचा छापखाना काढण्याचे ठरवले.

लोणावळ्यातील छापखाना

चित्रकार राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेले मुद्रणालय प्लेगच्या साथीमुळे लोणावळ्याजवळील माळवली येथे हलवण्यात आले होते. कार्ला व भाजे लेण्यांच्या परिसरातील हे गाव मुंबई–पुणे लोहमार्गावर असल्याने माल आणणे आणि छापील चित्रे देशभर पाठवणे सोयीचे होते. पुढे हे मुद्रणालय फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचे झाले. तेथे छापलेली लक्ष्मी, सरस्वती आदी देवतांची चित्रे देवळात जाण्यास मज्जाव असलेल्यांच्या घरांतही पोहोचली.

फाळके यांनी लोणावळ्यात भागीदारीत छापखाना काढला. रविवर्मा मुद्रणालयासाठी छायाशिळामुद्रणाची स्थानांतरे तयार करणे हे त्याचे प्रमुख काम होते. या पद्धतीत मूळ चित्राचे छायाचित्र घेऊन त्याची प्रतिमा विशिष्ट कागदावर उतरवतात आणि तेथून ती छपाईच्या शिळेवर नेतात. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाची शिळा निराळी असते. सर्व शिळांवरील रेषा एकमेकींवर तंतोतंत बसल्या नाहीत, तर देवीचा ओठ गालावर सरकतो आणि साडीचा काठ अंगाबाहेर जातो. छापील चित्रावर सामान्यतः चित्रकाराचे व मुद्रणालयाचे नाव येई. प्रतिमा शिळेवर नेणारा कारागीर निनावी राही.

कालांतराने फाळके यांच्या छापखान्यात ठसे तयार करणे व तीनरंगी छपाई ही कामेही होऊ लागली. काम वाढल्यावर छापखाना मुंबईत दादर येथे नेण्यात आला. पुरुषोत्तम मावजी भागीदार झाल्यानंतर त्याचे नाव ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ असे झाले. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीस गेले. मात्र भागीदारांशी मतभेद झाल्याने त्यांना हा व्यवसाय सोडावा लागला. नावारूपास आणलेल्या छापखान्यातून ते रिकाम्या हाताने बाहेर पडले. यंत्रे मागे राहिली, कसब मात्र त्यांच्यासोबत आले.

चित्रपटाकडे

१९११ मध्ये मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहून आपल्याकडील पुराणकथाही अशाच पडद्यावर आणाव्यात, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. अतिश्रमांमुळे काही काळ त्यांची दृष्टी गेली. उपचारांनी ती परत आली. विमापत्रे गहाण ठेवून ते १९१२ मध्ये लंडनला गेले आणि चित्रपटतंत्राची माहिती व कॅमेरा घेऊन परतले. वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करून त्यांनी प्रथम एक लघुपट केला. भांडवल देऊ शकणाऱ्यांचा विश्वास त्याने मिळवला.

कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडणे, चित्रीकरण, रसायनांत धुलाई, प्रती काढणे ही कामे घरीच होत. सरस्वतीबाई ती शिकल्या. त्यांनी दागिने दिले, अंधारात फिल्मला छिद्रे पाडली आणि सर्व मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला. ‘राजा हरिश्चंद्र’ हा सुमारे ३,७०० फूट लांबीचा मूकपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात सर्वांसाठी प्रदर्शित झाला. त्यातील वेशभूषा व दृश्यरचना यांचे रविवर्मा यांच्या छापील चित्रांशी असलेले नाते अभ्यासकांनी दाखवले आहे. छायाचित्रकाराची नजर, नाटकाचे पडदे, जादूगाराच्या युक्त्या आणि मुद्रकाचे रसायनज्ञान ही फाळके यांची सारी शिदोरी या कामी आली.

उत्तरायुष्य

१९१३ मध्येच फाळके यांनी आपले काम नाशिकला हलवले. ‘लंका दहन’ (१९१७) व ‘कालिया मर्दन’ (१९१९) हे त्यांचे मूकपट लोकप्रिय ठरले. १९१८ मध्ये भागीदारीत ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. तेथेही मतभेद होऊन फाळके बाहेर पडले. हा त्यांच्या आयुष्यातील दुसरा मोठा भागीदारीभंग होता. काही काळ काशीत राहून त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि पुढे कंपनीत परतले. बोलपटांच्या आगमनानंतर त्यांना काम मिळणे कठीण झाले. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १९४४ मध्ये नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

भारत सरकारने १९६९ मध्ये त्यांच्या नावे ‘दादासाहेब फाळके पुरस्कार’ सुरू केला. त्यांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. चित्रपटाच्या इतिहासात त्यांचे नाव पहिल्या चित्रपटाशी जोडले जाते. मावळातील मुद्रणकार्य मात्र त्यामानाने दुर्लक्षित राहिले आहे. पुराणातील देवदेवता छापील चित्रांतून घरोघरी नेणाऱ्या उद्योगात ज्या कारागिराचा हात होता, त्यानेच पुढे त्या देवदेवतांना पडद्यावर चालते केले.