बाबासाहेब आणि मताचा हक्क

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपल्या घराघरांत पाठ आहे. महूचा जन्म, साताऱ्याची शाळा, महाडचे चवदार तळे, नागपूरची दीक्षाभूमी... लहान मुलाला विचारा, घडाघडा सांगेल. पण बाबासाहेबांनी आयुष्याची पस्तीस वर्षे ज्या एका गोष्टीसाठी खर्ची घातली, तिच्याबद्दल मात्र आपल्या कार्यक्रमांतून फारसे बोलले जात नाही. ती गोष्ट म्हणजे मत. निवडणुकीच्या दिवशी आपण ज्याला सुट्टी समजून घरी बसतो ना, ते मत. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत तेवढीच हकीकत सांगण्याचा विचार आहे.

सुरुवात १९१९ सालापासून करावी लागते. बाबासाहेब तेव्हा अवघे सत्तावीस वर्षांचे होते आणि मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. हिंदुस्थानात कोणाला मत द्यायचे आणि कोणाला नाही, हे ठरविण्यासाठी इंग्रज सरकारने साउथबरो कमिटी नेमली होती. २७ जानेवारी १९१९ रोजी बाबासाहेबांची तिच्यापुढे साक्ष झाली. त्याकाळी मत म्हणजे पैसेवाल्याचे काम! त्या वर्षीच्या सुधारणा कायद्याखाली जे नियम झाले, त्यांत मुंबई इलाख्याच्या बहुतेक खेड्यांत ३२ रुपये शेतसारा भरणाऱ्यालाच मत मिळाले. आता आपल्या माणसाकडे कुठली एवढी जमीन? बाबासाहेबांनी कमिटीपुढे नेमके इथेच बोट ठेवले. अस्पृश्याने दुकान टाकले तर त्याच्या हातचा माल कोणी घेत नाही, धंदा त्याला बंद, मग मालमत्ता येणार कुठून? ज्याला मालमत्ता करूच दिली नाही, त्याला मालमत्ता नाही म्हणून मत नाकारायचे, हा कुठला न्याय? म्हणून अस्पृश्यांसाठी मताची अट खाली आणा आणि त्यांचे स्वतःचे प्रतिनिधी निवडून येऊ द्या, ही त्यांची मागणी. सरकारने काय दिले? सरकारी नेमणुकीची एखाददुसरी जागा. मत नाहीच.

पुढे १९२७ पासून बाबासाहेब स्वतःच मुंबईच्या कायदेमंडळात सरकारनियुक्त सभासद म्हणून बसू लागले. नेमलेला सभासद आणि निवडून आलेला सभासद यातला फरक त्यांना आतून दिसला. नेमलेल्या माणसाच्या पाठीशी मतदार नसतो. त्याला सरकारकडे बघावे लागते, लोकांकडे नव्हे.

१९२८ साली सायमन कमिशन आले. देशभर बहिष्कार पडला, पण बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने कमिशनला निवेदन दिले आणि त्यात सरळ प्रौढ मताधिकार मागितला. म्हणजे जमीन, घर, शिक्षण काही बघू नका, वयात आलेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत द्या. ही मागणी एकट्या त्यांचीच होती असे म्हणणे खरे होणार नाही; त्याच वर्षीच्या नेहरू अहवालातही प्रौढ मताधिकार आहे. पण बाबासाहेबांची मागणी गावकुसाबाहेरून आलेली होती, हा मोठा फरक. कमिशनबरोबर काम करणाऱ्या मुंबईच्या प्रांतिक कमिटीवर तेही होते. त्या कमिटीच्या बहुमताच्या अहवालावर त्यांनी सही केली नाही आणि १७ मे १९२९ रोजी आपला स्वतंत्र अहवाल दिला. अडाणी माणसाला मत कसे देता, असा प्रश्न तेव्हाचे शिकलेले लोक विचारीत. (आजही काही शहाणे विचारतात!) त्यावर बाबासाहेबांचे म्हणणे असे की, अक्षर येत नाही म्हणजे अक्कल नाही असे होत नाही. आपले सुखदुःख कोणामुळे आहे हे कळायला पाटी-पेन्सिल लागत नाही. शिवाय ज्यांनी शाळेचे दार बंद ठेवले, त्यांनीच निरक्षरतेचे कारण पुढे करणे शोभत नाही.

गोलमेज परिषदेतही तोच आग्रह. १९३०-३१ सालच्या पहिल्या परिषदेत मताधिकाराचा विचार करणाऱ्या उपसमितीत बहुतेकांचे मत हळूहळू जावे असे होते. प्रौढ मताधिकार आत्ताच द्या म्हणणाऱ्या मोजक्या लोकांत बाबासाहेब होते. १९३२ साली ते लोथियन कमिटीवरही होते. त्या कमिटीने सर्वांना एकदम मत देणे झेपणार नाही असे ठरवून, सुमारे सत्तर लाख मतदारांचे साडेतीन कोटींच्या वर मतदार करावेत अशी शिफारस केली. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला येरवड्यात पुणे करार झाला. त्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, इथे एवढेच सांगतो की प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या, पण मतदारसंघ संयुक्त राहिले. म्हणजे आपला प्रतिनिधी निवडायला सगळ्यांची मते लागणार.

आता १९३७ ची निवडणूक. ही गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण पुढचे सगळे समजायला ती लागते.

ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. मुंबई इलाख्यात तेव्हा एका मतदारसंघातून दोन-तीन-चार असे सभासद निवडले जात. जेवढ्या जागा तेवढी मते प्रत्येक मतदाराला. आणि ती सगळी मते एकाच उमेदवाराला दिली तरी चालत! ही पद्धत असावी असा बाबासाहेबांचाच आग्रह होता. कारण उघड आहे. आपले मतदार थोडे. त्यांनी मते चार ठिकाणी वाटली तर कुठलाच माणूस येणार नाही. सगळी मते एका ठिकाणी टाकली तर येईल. हे गणित चाळीचाळीत, वाड्यावस्त्यांवर समजावून सांगावे लागले. ज्यांच्या बापजाद्यांनी कधी मतपेटी पाहिली नव्हती, अशा माणसांना! १७ फेब्रुवारी १९३७ रोजी मतदान झाले. पक्षाचे १७ उमेदवार उभे होते, त्यातले १४ निवडून आले. भायखळा-परळ भागातून खुद्द बाबासाहेब उभे होते. त्यांच्यासमोर काँग्रेसने उभे केले होते नामांकित क्रिकेटपटू पालवणकर बाळू यांना. आपल्याच समाजातला मोठा माणूस, ज्याच्या खेळाचा सगळ्यांना अभिमान. तरी गिरणगावाने बाबासाहेबांना सुमारे दोन हजार मतांनी निवडून दिले. त्याच वर्षी सप्टेंबरात बाबासाहेबांनी कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. कोकणातल्या कुळांचा प्रश्न सभागृहात गेला तो असा. मागे मतदार होते म्हणून.

१९४६ च्या निवडणुकीत मात्र शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा मोठा पराभव झाला. घटना समितीत जायला बाबासाहेबांना मुंबईतून वाट राहिली नाही. बंगालमधून जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना निवडून दिले. फाळणीमुळे ती जागा गेली, तेव्हा जुलै १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडून आले. हा इतिहास आपल्याला माहीत आहे.

त्या घटना समितीत मताच्या बाबतीत काय काय घडले, ते मात्र थोड्यांना माहीत असते. मताचा हक्क मूलभूत हक्कांतच घालावा अशी मूलभूत हक्क उपसमितीची शिफारस होती आणि बाबासाहेब त्या बाजूचे होते. वरच्या सल्लागार समितीने तो तिथून काढला. पण घटनेत तो आलाच, कलम ३२६ म्हणून. धर्म, वंश, जात, स्त्री-पुरुष असा भेद करून कोणाचे नाव मतदार यादीतून वगळता येणार नाही, हे कलम ३२५. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आधीच्या मसुद्यात राज्यांच्या निवडणुकांसाठी वेगळी व्यवस्था होती. १५ जून १९४९ रोजी बाबासाहेबांनी ती बदलून सगळ्या देशाला एकच निवडणूक आयोग असावा अशी दुरुस्ती मांडली. कारण काय? काही प्रांतांत परक्या भाषेच्या, परक्या वंशाच्या लोकांची नावे यादीतच येऊ देत नाहीत, अशा तक्रारी आल्या होत्या. मत हिरावायचे असेल तर मतपेटी पळवावी लागत नाही, यादीतले नाव उडवले की झाले. हे बाबासाहेबांनी पहिली निवडणूक होण्याच्या आधी ओळखले होते.

इथे थोडे विषयांतर करतो, रागावू नका. आपल्या वस्तीत चाळी पडल्या, इमारती झाल्या, माणसे इकडची तिकडे गेली. मतदानाच्या दिवशी किती जण केंद्रावरून परत येतात, यादीत नाव नाही म्हणून! आणि मग शिव्या घालतात. पण यादी लागते तेव्हा ती पाहायला किती जण जातात? जयंतीच्या मिरवणुकीला चार महिने तयारी करणारी आपली पोरं एक संध्याकाळ यादी घेऊन विहारात बसली, घरोघरची नावे वाचून दाखवली, तर पुष्कळ काम होईल. असो.

पहिली सार्वत्रिक निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ पासून फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालली. १७ कोटींवर मतदार. त्यातही २८ लाखांच्या आसपास बायकांची नावे वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले होते. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर निशाणी. फेडरेशनची निशाणी हत्ती. मतपत्रिकेवर काही लिहायचे नाही, ती आपल्या पेटीत टाकायची, बस्स.

बाबासाहेब उत्तर मुंबईतून लोकसभेला उभे राहिले. मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. समाजवादी पक्षाशी समझोता होता, त्यांचे अशोक मेहता जोडीला. प्रत्येक मतदाराला दोन मते. पण आता कायदा बदलला होता! एका उमेदवाराला एकच मत. दोन्ही एकाच पेटीत टाकली तर त्यातले एक बाद. १९३७ साली जे करून आपण जिंकलो, तेच आता केले की मत फुकट जाणार. मतदाराने एक पत्रिका एका पेटीत आणि दुसरी दुसऱ्या पेटीत टाकायला हवी होती. तसे सगळ्यांनी केले नाही. ‘मते कुजवणे’ हा शब्द तेव्हाच आपल्या तोंडी बसला.

निकाल लागला. काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७. बाबासाहेब १,२३,५७६. फरक साडेचौदा हजारांचा. ज्याने प्रत्येकाच्या हातात मत दिले तो माणूस मतांनी हरला. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणुकीविरुद्ध अर्ज केला. ७४,३३३ मतपत्रिका बाद झाल्या, आणि राखीव जागेला मत जाऊ नये म्हणून दुसरे मत कुजवण्याचा प्रचार कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे आदींनी केला, असे त्यांचे म्हणणे होते. अर्ज फेटाळला गेला. बाद झालेली सगळी मते बाबासाहेबांना पडली असती असे कोणी म्हणणार नाही. पण फरक साडेचौदा हजारांचा आणि वाया गेलेली चौऱ्याहत्तर हजार, हे आकडे नुसते शेजारी ठेवून पाहा. मार्च १९५२ मध्ये मुंबई राज्यातून ते राज्यसभेवर गेले, पण लोकांच्या मतांवर लोकसभेत जायचे राहून गेले.

मे १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. पुन्हा दोन जागा, पुन्हा अशोक मेहता जोडीला. विदर्भातली जुनी माणसे एक आठवण सांगत आली आहेत. काही कार्यकर्ते बाबासाहेबांकडे गेले आणि म्हणाले की, आपल्या लोकांना दुसरे मत कुजवायला सांगू या, म्हणजे तुमची जागा नक्की येते. बाबासाहेबांनी साफ नाही म्हटले. घटना लिहिणाऱ्याने मत वाया घालवायला सांगायचे, हे त्यांना मंजूर नव्हते, मग पराभव झाला तरी चालेल. आणि पराभव झालाच. काँग्रेसचे भाऊराव बोरकर आठ हजारांवर मतांनी निवडून आले. सर्वसाधारण जागेवर मात्र अशोक मेहता विजयी! आपल्या लोकांनी बाबासाहेबांचे ऐकून दुसरे मत इमानाने दिले होते, हे त्यावरून दिसते. समोरून तेवढे परत आले नाही. या आठवणीने अजूनही पुष्कळ जणांच्या डोळ्यांत पाणी येते, आणि काही जण चिडतातही. चिडणाऱ्यांचे मला चुकीचे वाटत नाही. पण बाबासाहेबांनी तसे का केले, हेही मला कळते.

६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर तीन महिन्यांतच दुसरी सार्वत्रिक निवडणूक आली. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली होती आणि फेडरेशन समितीत सामील होते. दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. मुंबईच्या मध्य भागात पुन्हा दोन जागांचा मतदारसंघ होता. यावेळी सर्वसाधारण जागेवर डांगे आणि राखीव जागेवर फेडरेशनचे गो. का. माने असे दोघे बरोबर उभे होते. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्यात मते कुजवण्यावरून कोर्टकज्जा झाला, त्याच दोन बाजू! गिरणगावच्या मतदाराने एक पत्रिका एका पेटीत टाकली, दुसरी दुसऱ्या पेटीत, आणि दोघेही निवडून आले. चार वर्षांनी, १९६१ साली, दोन जागांचे मतदारसंघ कायद्यानेच बंद झाले.