प्रा. दि. ब. देवधर : संस्कृतचे प्राध्यापक, क्रिकेटचे गुरू

सुरतेत आपण ज्या 14 जानेवारीला पतंग उडवतो, त्याच तारखेला 1892 साली पुण्यात दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म झाला. सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृतचे प्राध्यापक होते. मन मात्र मैदानावर रमे.

1926 मध्ये गिलिगन यांच्या एमसीसी संघाविरुद्ध मुंबईत त्यांनी 148 धावा केल्या. पण भारत पहिली अधिकृत कसोटी खेळला 1932 साली. सर तेव्हा चाळीस वर्षांचे होते. कसोटी खेळणे त्यांच्या नशिबी आलेच नाही.

सरांनी हाय खाल्ली नाही. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने 1939-40 आणि 1940-41 असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला. दुसऱ्या हंगामात, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी मुंबईविरुद्ध 246 धावा केल्या. पन्नाशी उलटल्यावर नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके झळकावली!

त्यांच्याच संघातले विजय हजारे पुढे आपल्या शेजारच्या बडोद्याचे आधारस्तंभ झाले. 1952 साली मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार हजारेच होते. सरांना जे मैदान लाभले नाही, ते त्यांच्या हाताखाली खेळलेल्या मुलाने गाजवले.

पद्मभूषण देवधर सर शंभरी पार करून 24 ऑगस्ट 1993 रोजी निवर्तले. देवधर करंडकाला त्यांचेच नाव देण्यात आले. संघात निवड झाली नाही म्हणून हिरमुसलेल्या आपल्या मुलांना सरांची ही गोष्ट अवश्य सांगावी.