मुलाच्या तीनचाकीसाठी भरलेली हवा

‘डनलॉपची गादी’ हा शब्द मराठी घरांत चांगलाच रुळला आहे. गादीच्या आधी हे नाव टायरवर होतं आणि टायरच्याही आधी ते होतं बेलफास्टमधल्या एका गुराढोरांच्या डॉक्टरचं.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावी शेतकरी कुटुंबात झाला. एडिनबरा इथे पशुवैद्यकाचं शिक्षण घेऊन १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले. पुढे बेलफास्टमध्ये त्यांच्या दवाखान्याचा मोठा जम बसला. आपली तब्येत नाजूक आहे, अशी मात्र त्यांची आयुष्यभर समजूत होती.

१८८७ मध्ये त्यांचा मुलगा जॉनी नऊ-दहा वर्षांचा होता. त्याच्या तीनचाकी सायकलला त्या काळच्या रीतीप्रमाणे भरीव रबराची चाकं होती. बेलफास्टच्या दगडी फरसबंद रस्त्यांवर ती चालवताना अंग खिळखिळं व्हायचं. मुलाचा हा त्रास कमी कसा करता येईल, याचा डनलॉप विचार करू लागले. त्यांनी लाकडाची एक गोल चकती घेतली, पातळ रबराची नळी करून तिच्याभोवती बसवली, वरून कापड गुंडाळलं आणि फुटबॉलच्या पंपाने नळीत हवा भरली. मग अंगणात आधी सायकलचं जुनं चाक आणि नंतर हे नवं चाक घरंगळत सोडलं. जुनं चाक थोडं जाऊन आडवं झालं. नवं चाक अंगणाच्या टोकापर्यंत गेलं, तिथल्या खांबाला आपटलं आणि उसळून मागे आलं. आराम मिळावा म्हणून केलेल्या प्रयोगातून वेगही हाती लागला होता.

असं का झालं? कडक चाक दगडावर आलं की सायकल आणि स्वार, दोघांचं सगळं वजन वर उचललं जातं. पुढे नेणारी बरीच ताकद त्या उसळीत आणि स्वाराच्या शरीराला बसणाऱ्या हादऱ्यांत वाया जाते. हवेच्या टायरमध्ये दगड तेवढ्यापुरता आत रुततो. आतली हवा दाबली जाते आणि दगड मागे पडताच टायर पूर्ववत होतो. वजन फारसं वर उचललं जात नाही आणि गती टिकते.

डनलॉप यांना ७ डिसेंबर १८८८ रोजी पेटंट मिळालं. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या मैदानावर विली ह्यूम हा सायकलपटू हे जाडजूड टायर लावून शर्यतीत उतरला, तेव्हा लोक हसले. ह्यूम जिंकला आणि हसू थांबलं. हरलेल्यांमध्ये डब्लिनचे व्यापारी हार्वी ड्यू क्रॉ यांची मुलं होती. ड्यू क्रॉ यांनी या टायरचं भविष्य ओळखलं आणि कंपनी उभी केली.

पण लवकरच डनलॉप यांचं पेटंट रद्दबातल ठरलं. स्कॉटलंडच्याच रॉबर्ट थॉमसन यांनी घोडागाडीच्या चाकांसाठी हीच कल्पना १८४५ मध्ये नोंदवली होती. तेव्हा सायकलींचं युग यायचं होतं आणि रबर महाग होतं. त्यामुळे ती कल्पना विस्मरणात गेली. डनलॉप यांना तिचा पत्ताही नव्हता. कंपनी पुढे टिकली ती टायर काढता-घालता येण्याच्या इतरांच्या पेटंटवर. डनलॉप १८९५ मध्ये तिथून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी कंपनी ३० लाख पौंडांना विकली गेली. त्यांच्या वाट्याला मोठी संपत्ती आली नाही. नाजूक तब्येतीचे हे गृहस्थ १९२१ मध्ये डब्लिनला वारले, तेव्हा ८१ वर्षांचे होते.

आज डोंगरउतारावरून सायकल सोडणारे ‘डाउनहिल’ आणि ‘एन्ड्युरो’ शर्यतींचे खेळाडू टायर निवडताना अंगणातल्या त्या प्रयोगाचाच धडा गिरवतात. रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीपेक्षा त्यांच्या टायरमध्ये हवा बरीच कमी असते, साधारण २० ते ३० पीएसआय. हवा कमी असली की टायर दगडांना, मुळांना धरून चालतो. पण फारच कमी झाली तर दगड थेट रिमवर आदळतो, टायर चिरतो आणि वळणावर चाक डगमगतं. म्हणून उतारावरच्या टायरची बाजूची भिंत जाड आणि जड ठेवतात. एन्ड्युरोमध्ये चढही पायडल मारूनच चढावा लागतो. त्यामुळे तिथे त्याहून थोडा हलका टायर निवडतात. वळण आणि ब्रेक पुढच्या चाकावर अवलंबून असतात, म्हणून तिथे मऊ रबर आणि खोल नक्षी पसंत करतात. मागच्या चाकावर भार जास्त पडतो आणि झीजही जास्त होते. म्हणून तिथे थोडं टणक रबर आणि थोडी जास्त हवा ठेवतात.

आपण डोंगरात जात नसलो, तरी खड्ड्यांचे रस्ते आपल्याला नवे नाहीत. टायर दगडासारखा टणक फुगवला की सायकल पळते, हा समज गुळगुळीत रस्त्यापुरता ठीक आहे. खडबडीत वाटेवर तो पाठीला आणि मनगटांनाही महागात पडतो. टायरच्या बाजूवर हवेची मर्यादा छापलेली असते. त्या मर्यादेत राहून, आपलं वजन आणि रस्ता पाहून हवा थोडी कमी-जास्त करून बघावी. जॉनीच्या वडिलांनीही तेवढंच केलं होतं.