मुरुडचा मास्तर

मंडणगड तालुक्यातल्या शाळेत मी सातवीला गणित शिकवत होते, तेव्हाची गोष्ट. घाटावरून एक नवीन बाई रुजू झाल्या. वय जेमतेम बावीस. पहिल्याच आठवड्यात रडवेल्या होऊन म्हणाल्या, ''मॅडम, मला नाही जमणार. मुलं ऐकतच नाहीत.'' मी त्यांना चहा दिला आणि आमच्या शेजारच्या दापोली तालुक्यातल्या मुरुडच्या एका मुलाची गोष्ट सांगितली. मैत्रिणींनो, आज तीच तुम्हालाही सांगते.

तो मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे, आपले महर्षी अण्णासाहेब. जन्म 18 एप्रिल 1858 चा, आजोळी शेरवलीला. त्या काळी मराठी सहावीची परीक्षा पास झालं की मास्तरकी मिळायची. त्या परीक्षेसाठी सतरा वर्षांचा धोंडू मुरुडहून साताऱ्याला निघाला. तब्बल 110 मैल, तेही पायी! पण तिथं पोचल्यावर त्याचं वय कमी दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. आल्या पावली परत. पुढं त्यानं कोल्हापूरला जाऊन ती परीक्षा दिली आणि पास झाला. मॅट्रिक झाला तो तेविसाव्या वर्षी.

1891 मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला लागले. त्याच वर्षी पहिली पत्नी राधाबाई गेली. 1893 मध्ये त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी लग्न केलं. मुरुडकरांनी बहिष्कार टाकला. स्वतःच्याच गावात, आईच्या घरात राहायची चोरी!

मग 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. 1900 मध्ये तो हिंगण्याला गेला. पुण्यापासून चार मैल, वाट चिखलाची. कॉलेज सुटलं की अण्णा सामान घेऊन चालत निघत. या सगळ्याची झळ घरालाही बसली, हे सांगायलाच हवं. पाच हजारांची विम्याची पॉलिसी त्यांनी आश्रमाला देऊन टाकली, तेव्हा बाया चिडल्या. (गोदूबाईंना सगळे बायाच म्हणत.) पोरांची आई ती, चिडणारच! 'माझे पुराण' या आत्मचरित्रात त्यांनी हे सारं मोकळेपणानं लिहिलंय. मला तर अण्णांइतक्याच बायाही मोठ्या वाटतात.

1916 मध्ये अण्णांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. शिक्षण मातृभाषेतून. आरोग्य आणि गृहशास्त्र हे विषय आवर्जून ठेवले. विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि पदवीला सरकारी मान्यता नाही. ती मिळायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. तरी 1917 मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षिका तयार करणारी अध्यापिका शाळा काढली. हिशेब साधा होता. मुलींच्या शाळा हव्यात तर शिकवणाऱ्या बायका हव्यात. आणि ज्या विधवेला माहेरी-सासरी थारा नाही, तिच्या हाती मास्तरकी आली की तिला कुणापुढं हात पसरावा लागत नाही. विद्यापीठ काढणाऱ्या माणसाला पहिली-दुसरीच्या बाईंची काळजी वाटावी, याचंच मला अप्रूप वाटतं.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. 1936 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथं ती काढायची म्हणून मंडळ स्थापलं आणि त्यासाठी दारोदार वर्गणी मागत हिंडले. 1958 मध्ये, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळालं. 9 नोव्हेंबर 1962 ला ते गेले.

गोष्ट संपेपर्यंत चहा गार झाला होता. नव्या बाई हसल्या. म्हणाल्या, ''सातारा लांबच होता की हो!'' दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसू लागले. तास संपला की दोघी बोलायचो, काय जमलं, काय चुकलं. दिवाळीपर्यंत माझी गरज उरली नाही.

तुमच्या घरात कुणी आजी, पणजी मास्तरीण होती का? असेल तर तिला कुणी शिकवलं, कुणी विरोध केला, हे जाणत्या माणसांकडून विचारून ठेवा. लेकींना सांगायला उपयोगी पडेल.