हुशार मुलाची शाळा कोणती? – जगदीशचंद्र बोस



जून जवळ आला की आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो. मूल गणित-विज्ञानात हुशार आहे, मग त्याला गावच्या मराठी शाळेत ठेवायचं की इंग्रजी शाळेत घालायचं? हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी बंगालमधल्या एका वडिलांपुढे होता.

जगदीशचंद्र बोस यांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 चा. वडील भगवानचंद्र फरीदपूरला सरकारी अधिकारी होते. त्या काळी इंग्रजी शाळा म्हणजे प्रतिष्ठा! त्यांच्या हाताखालच्या लोकांचीही मुलं तिथे जात. पण भगवानचंद्रांनी आपल्या मुलाला बंगाली पाठशाळेत घातलं. आधी मातृभाषा आणि आपली माणसं कळावीत, मग इंग्रजी, असा त्यांचा विचार होता.

वर्गात जगदीशच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा, तर दुसऱ्या बाजूला कोळ्याचा मुलगा बसे. त्यांच्याकडून पक्षी, प्राणी, पाण्यातले जीव यांच्या गोष्टी ऐकताना या मुलाला निसर्गाचं वेड लागलं. त्याला शाळेत नेणारा माणूस तर पूर्वीचा दरोडेखोर! भगवानचंद्रांनीच त्याला शिक्षा केली होती आणि सुटल्यावर कामही दिलं होतं.

पुढे 1869 मध्ये जगदीश कोलकात्याच्या हेअर स्कूलमध्ये आणि नंतर सेंट झेवियर्समध्ये गेला. इथे सगळं इंग्रजीत. सुरुवातीला जड गेलं, पण तो टिकला. सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफाँ यांच्यासारखे प्रयोग करून दाखवणारे शिक्षक भेटले आणि भौतिकशास्त्राची गोडी लागली. नंतर केंब्रिजला शिकून ते 1885 मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले.

भारतीय म्हणून पगार कमी ठरला. घरी वडिलांवर कर्ज होतं, तरी त्यांनी तीन वर्षं पगार घेतला नाही, शिकवणं मात्र चालू ठेवलं. शेवटी पूर्ण पगार मागील बाकीसह मिळाला.

धड प्रयोगशाळा नव्हती. एका पत्रे-कारागिराच्या मदतीने त्यांनी उपकरणं बनवली. 1895 च्या सुमारास कोलकात्यात विद्युतचुंबकीय लहरी भिंतीपलीकडे पाठवून त्यांनी घंटा वाजवून दाखवली. पुढे वनस्पतींची सूक्ष्म वाढ मोजणारा क्रेस्कोग्राफ तयार केला. 1917 मध्ये बोस इन्स्टिट्यूट स्थापन केली. 1920 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. आणि बघा, 1921 मध्ये त्यांचा 'अव्यक्त' हा लेखसंग्रह आला तो बंगालीत! 23 नोव्हेंबर 1937 रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

पालकहो, याचा अर्थ इंग्रजी वाईट असा नाही. जगदीशचंद्रही पुढे इंग्रजीतच शिकले. पण पाया घरच्या भाषेत पक्का झाला होता. म्हणून शाळा निवडताना इमारत आणि गणवेश बघून थांबू नका. वर्गात जाऊन बसा. मुलं प्रश्न विचारतात का? प्रयोग स्वतःच्या हाताने करतात का? गुरुजी किंवा बाई "का?" ला उत्तर देतात का? हे जिथे दिसेल, ती शाळा चांगली, मग ती जिल्हा परिषदेची का असेना.

आणि शिक्षक मित्रांनो, असा पालक उद्या आपल्या वर्गात येऊन बसला, तर त्याला काय दिसेल? तयारी आपल्यालाच करायची आहे.