घोंगडीच्या पलीकडची सेवा

मलकापूर परिसरात पौषातील थंडी पडली, की ऊसतोडणीसाठी परजिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांच्या खोप्यांकडे दयाळू माणसांचे लक्ष जाते. घोंगड्या आणि जुने कपडे वाटणे हे पुण्यकर्मच होय. परंतु हिवाळा सरल्यावर त्या खोपीतील स्त्रीच्या पदरी काय उरते, हा प्रश्न दानाच्या हिशेबात सहसा येत नाही. पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रियांसंबंधी तोच प्रश्न उभा केला आणि त्याचे उत्तर आपल्या आयुष्याने दिले.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद पत्करून पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकविले. तीर्थयात्रा करीत फिरणाऱ्या या कुटुंबावर दुष्काळाने घाला घातला आणि आईवडील व थोरली बहीण उपासमारीत गेली. उरलेली दोघे भावंडे पायी उत्तरेकडे निघाली. झेलमच्या काठी अंगावर पुरेसे वस्त्र नसल्याने वाळूत खड्डे खणून, मानेपर्यंत वाळू ओढून त्यांनी थंडी काढली. पुढे १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला पंडिता म्हणून गौरविले, तिने गारठा आणि भूक यांचे शिक्षण आधीच घेतले होते.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, पण १८८२ मध्ये पदरी तान्ही मनोरमा असताना वैधव्य आले. पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे अमेरिकेत मिळालेल्या दहा वर्षांच्या साहाय्याच्या हमीवर १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले आणि लवकरच ते पुण्यास हलविले. पुढे अण्णासाहेब कर्वे यांच्या सहधर्मचारिणी झालेल्या गोदूबाई या सदनातील पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत. १८९३ मध्ये धर्मांतराच्या संशयावरून वादळ उठले, सल्लागार मंडळातील मान्यवर दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. समाजाची शंका निराधार होती असे म्हणता येणार नाही. परंतु शंका घेणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या विधवांना दुसरे छप्पर दिले, हेही विचारले पाहिजे.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तेथील अनाथ मुलींना भुकेइतकेच दुष्ट पुरुषांचेही भय होते. त्यांना घेऊन त्या परतल्या, तोच पुण्यात प्लेगचे निर्बंध आले. तेव्हा केडगावच्या शेतजमिनीवर तंबू व झोपड्या उभारून त्यांनी संसार मांडला. तेच मुक्ती सदन होय. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजाराच्या पुढे गेली.

केडगावचा खरा धडा अर्थकारणाचा आहे. देणग्यांचा ओघ आटू शकतो, हे रमाबाई जाणून होत्या. म्हणून विहिरी खोदल्या, शेती व फळबाग केली, माग बसविले, छापखाना घातला. आश्रित स्त्री तेथे उत्पादक झाली. अंध मुलींना वाचनाचे शिक्षण मिळाले. समाजाने कलंकित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. या सर्वामागे त्यांची श्रद्धा होती. ईश्वरावरील विश्वासाने त्यांनी कष्ट टाळले नाहीत, उलट ते वाढवून घेतले. मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करणारी ही विदुषी साध्या पांढऱ्या पातळात शेवटपर्यंत त्याच मुलींत राहिली. १९१९ मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. १९२१ मध्ये एकुलती मनोरमा गेली आणि काही महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनीही देह ठेवला.

त्यांच्या धर्मांतराविषयी कोणाचे मत काहीही असो, त्यांची कसोटी सर्व धर्मांच्या सेवकांना लागू आहे. थंडीने कुडकुडणाऱ्या स्त्रीला घोंगडी द्यावीच. पण पुढच्या हिवाळ्यात ती तिने स्वतःच्या कमाईने घ्यावी, तिच्या मुलीने शाळेत जावे आणि रात्री तिला निर्भयपणे झोपता यावे, याची तजवीज झाल्याखेरीज सेवा पुरी होत नाही. दानाने दात्याचे मन हलके होते. घेणारीचे ओझे हलके झाले की नाही, हा हिशेब निराळा मांडावा लागतो.