कामठीच्या खाणमालकाने नागपूर विद्यापीठाला 35 लाख दिले, त्यातून ‘एलआयटी’ उभी राहिली

नागपूरच्या अमरावती रोडवरची ‘एलआयटी’ सगळ्यांना माहीत असते. पण तिच्या नावातले लक्ष्मीनारायण म्हणजे देव नव्हेत, तर कामठीचे एक खाणमालक, हे अनेकांना ठाऊक नसतं.

रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांचा व्यवसाय मँगनीजचा. 1900 च्या सुमारास रामटेकजवळच्या मनसर भागात हे खनिज काढायला सुरुवात झाली. पुढे नागपूर, भंडारा, बालाघाट हा पट्टा मँगनीजसाठी जगभर ओळखला जाऊ लागला.

मँगनीज लागतं पोलाद बनवायला. पण पोलादाचे मोठे कारखाने इथे नव्हते, म्हणून बहुतेक माल कच्चाच परदेशी जायचा. खाणी इथल्या, मजूर इथले, पण खनिजापासून पक्का माल करण्याचं तंत्र बाहेरचं.

1930 मध्ये लक्ष्मीनारायण यांनी आपली संपत्ती नागपूर विद्यापीठाला दिली. रक्कम होती सुमारे 35 लाख रुपये. विद्यापीठ तेव्हा जेमतेम 7 वर्षांचं होतं. पैसा कशावर खर्च करायचा हेही ठरलेलं होतं : उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राचं शिक्षण.

त्याच काळात जागतिक मंदी आली. पोलादाची मागणी घटली, मँगनीजचे भाव कोसळले आणि मध्य प्रांतातल्या कित्येक खाणी बंद पडल्या. शिक्षणासाठी दिलेला पैसा मात्र कामी आला. 1942 मध्ये लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झाली. ती पाहायला लक्ष्मीनारायण हयात नव्हते.

इथे केमिकल इंजिनीअरिंगसोबत तेल, रंग, प्लास्टिक आणि पॉलिमर यांचं तंत्र शिकवलं जाऊ लागलं. हे तंत्र आज कुठवर पोहोचलंय, याचं एक उदाहरण म्हणजे आकार लक्षात ठेवणारं पॉलिमर.

ते तापवून वाकवायचं आणि तसंच थंड करायचं, की वाकलेलंच राहतं. पुन्हा तापवलं की मूळ आकारात येतं. साध्या पॉलिमरमधून वीज वाहत नाही. म्हणून त्यात कार्बनचे अतिसूक्ष्म कण किंवा नळ्या मिसळतात. मग वीज सोडली की ते आतूनच तापतं आणि सरळ होताना एखादी झडप उघडू शकतं किंवा छोटा भाग ढकलू शकतं. मोटार नाही, गिअर नाही. कच्चा माल साधाच असतो, त्याला कामाला लावते ती केमिस्ट्री.

2023 मध्ये एलआयटीचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. त्याच्या नावातही लक्ष्मीनारायण आहेतच.